वायर कशाला टांगलीय?

नवी मुंबईतल्या पंधरा-वीस वर्षं जुन्या कुठल्याही सोसायटीत लिफ्टमधून बाहेर पडल्यावर एकदा मान वर करून बघावं. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून, फ्लॅटच्या दारांवरून थेट जिन्याच्या तोंडापर्यंत एक पांढरी प्लास्टिकची पट्टी गेलेली दिसते. तिच्या पोटात वायरी. पट्टी केव्हाच भरून गेली, म्हणून तिच्या बाहेरून आणखी चार केबल: एक टीव्हीची, दोन इंटरनेटच्या, एक सीसीटीव्हीची. त्यातल्या काही खिळ्याच्या छोट्या प्लास्टिक क्लिपांनी ठोकलेल्या, काही पाण्याच्या पाइपाला नायलॉनच्या टायने आवळलेल्या, आणि एखादी तर नुसतीच चौकटीवर अडकवून दिलेली. घर घेताना किंवा रंगकाम काढताना माणूस वायर कोणत्या कंपनीची आहे, तिच्यावर आयएसआयचा शिक्का आहे का, हे आवर्जून विचारतो. ती वायर कशाला टांगलीय, हे सहसा कोणी विचारत नाही.

आग मात्र तिथेच आधी पोहोचते. खोलीत किंवा पॅसेजमध्ये काही पेटलं की गरम धूर वर जातो आणि छताखाली त्याचा थर साचू लागतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर अजून श्वास घेता येतो, माणूस वाकून किंवा रांगत बाहेर पडू शकतो, तेव्हा छताशी तापमान दोनशे अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. ही पट्टी, म्हणजे केसिंग-कॅपिंग, ज्या पीव्हीसीची असते ते साधारण ८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतं. पट्टी आधी पोटाशी लोंबते, मग तिचं झाकण सुटतं, आणि आतल्या वायरी वेटोळ्यांनी खाली येतात. म्हणजे वायरी पडण्याची वेळ आणि माणसं त्याच पॅसेजमधून बाहेर पडण्याची वेळ बहुतेकदा एकच असते. अग्निशमन दलाचा जवान आत शिरण्याचीही तीच.

या गोष्टीची किंमत काय, ते इंग्लंडमध्ये दोन इमारतींनी दाखवलं. २ फेब्रुवारी २००५ रोजी पहाटे लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज गावातल्या हॅरो कोर्ट या सतरा मजली इमारतीत चौदाव्या मजल्यावर आग लागली. एक रहिवासी महिला आणि दोन अग्निशमन जवान दगावले. लॉबीच्या छतालगत प्लास्टिकच्या पट्टीतून गेलेल्या वायरी उष्णतेने खाली आल्या होत्या आणि एक जवान त्यांच्यात गुरफटलेल्या अवस्थेत सापडला. पाच वर्षांनी, ६ एप्रिल २०१० रोजी, साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्समध्ये जवळजवळ तेच घडलं. नवव्या मजल्यावरच्या घरात दिव्याला लागून पडदा पेटला. आत गेलेले दोन जवान परत आले नाहीत. तिथेही प्लास्टिकच्या पट्टीतून सुटलेल्या वायरींनी त्यांची वाट अडवली होती.

जवानाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की यातली भीषणता कळते. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडावर मास्क, हातात पाण्याचा होज, डोळ्यांपुढे काळाकुट्ट धूर. तो भिंतीला हात लावत, रांगत पुढे जातो. वरून सुटलेली वायर नळकांड्याच्या झडपेत किंवा पट्ट्यात अडकते. तो मागे सरकतो तशी ती आणखी आवळते. वायरीवरचं प्लास्टिक जळून गेलं तरी तांबं तुटत नाही, ते वितळायला १,०८५ अंश लागतात. वीज बंद असली, एमसीबी कधीच पडला असला, तरी फास तो फासच. या दोन घटनांनंतर ब्रिटनमधल्या जवानांच्या श्वसनसंचाबरोबर वायर कापायची कात्री दिली जाऊ लागली.

शर्ली टॉवर्सच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०१३ मध्ये शिफारस केली की केबलना आगीत टिकणारे आधार सक्तीचे करावेत. ब्रिटनच्या वायरिंग नियमावलीत, म्हणजे बीएस ७६७१ मध्ये, २०१५ साली ती तरतूद आली: सुटकेच्या मार्गांवर केबलचा आधार आगीत अकाली कोसळणारा नसावा. २०१८ च्या अठराव्या आवृत्तीने ‘सुटकेच्या मार्गांवर’ हे शब्दच काढून टाकले. आता तिथे तो नियम सगळ्या इमारतीला लागू आहे, कारण घरातल्या खोलीतून बाहेर पडतानाही माणूस कुठल्या तरी छताखालूनच जातो. प्लास्टिकची पट्टी वापरायला बंदी नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पट्टी दिसायला राहू द्या, पण तिच्या आत ठरावीक अंतरावर लोखंडी क्लिप हवी. पट्टी वितळली तरी वायर क्लिपेवर लटकून राहते, एवढाच त्यामागचा विचार.

हे सगळं दूरच्या देशातलं वाटत असेल तर वाशी आठवावी. २०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर, सेक्टर १४ मधल्या रहेजा रेसिडेन्सीत दहाव्या मजल्यावर आग लागली आणि अकराव्या-बाराव्या मजल्यापर्यंत गेली. चौघांचा जीव गेला, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. आग कशामुळे लागली हा तपासाचा भाग झाला. शहराने त्या रात्री जे पाहिलं ते वेगळंच होतं: उंच इमारतीत आग लागली की वरच्या माणसांना खाली यायला आणि जवानांना वर जायला वाट एकच, जिना. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली आणि पुढे वाशीत पहिली घरं उभी राहिली ती बहुतांशी बैठी किंवा चार मजली. आज खारघर, सानपाडा, पाम बीच रस्ता किंवा उलवे इथे वीस-तीस मजले ही नवलाई राहिलेली नाही. चार मजले माणूस धडपडत उतरतो. वीस मजल्यांच्या जिन्यात मधल्या एखाद्या मजल्यावर वायरींचं जाळं लोंबत असेल, तर वरचे सगळेच अडकतात.

गंमत म्हणजे आपल्या आजोबांच्या घरातलं वायरिंग या एका बाबतीत जास्त शहाणं होतं. गिरगाव-दादरच्या चाळींमध्ये सागवानी बॅटनवरून वायर जायची आणि ती धरायला कथिलाचा मुलामा दिलेल्या पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या चपट्या क्लिपा असायच्या. बॅटनवर चूक ठोकून क्लिप बसवायची, वायर ठेवायची आणि क्लिपेची शेपटी तिच्या डोळ्यातून ओवून मागे दुमडायची. आडव्या वायरीला दर दहा सेंटिमीटरवर एक, उभ्या वायरीला दर पंधरावर एक, असं अंतर ठरलेलं. जुने वायरमन ते डोळ्यांनी मोजत. लाकूड पेट घेई हा दोष होताच, आणि रबराची ती वायर कालांतराने तडकायची. तरीही दहा-दहा सेंटिमीटरवर धातूची पकड होती.

नंतर भिंतीत गाडलेल्या पाइपांचं, म्हणजे कन्सिल्ड वायरिंग आलं, आणि ते तर आणखी चांगलं. प्लास्टर किंवा काँक्रीटच्या आत असलेली वायर पडणार कुठे? घोटाळा झाला तो त्यानंतर, आणि तो बिल्डरने केला नाही. नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला, मग इंटरकॉम, मग ब्रॉडबँड, मग कॅमेरे. यातलं काहीच मूळ पाइपांत मावणारं नव्हतं. प्रत्येक सेवा देणारा आला, शिडी लावली, अर्ध्या तासात क्लिपा ठोकून गेला. इंटरनेटची चपटी फायबर केबल तर फसवी असते. काचेचा धागा नाजूक, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना ताकदीसाठी बहुधा पोलादी तारा घातलेल्या असतात. वरचं आवरण जळालं की उरतात त्या याच तारा, दोऱ्यासारख्या बारीक आणि हाताने न तुटणाऱ्या.

ताजी भर विजेच्या गाड्यांची. पार्किंगच्या छताखालून मीटर रूमपासून चार्जरपर्यंत नवी केबल ओढली जाते. घरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरला बत्तीस अँपिअरच्या आसपास विजेचा प्रवाह लागतो, आणि तो पाच मिनिटांचा नसतो, रात्री तासन्‌तास चालतो. केबल गरम राहते. ती बांधायला सर्वांत सोयीचं काय, तर पार्किंगच्या छताखालून आधीच गेलेला लाल रंगाचा स्प्रिंकलरचा पाइप! नायलॉनचा टाय काढायचा, केबल पाइपाला आवळायची, काम संपलं. ज्या पाइपाने आग विझवायची त्यालाच आगीचा संभाव्य स्रोत बांधून ठेवायचा, हा विनोद आहे, पण हसू येत नाही. स्प्रिंकलरच्या पाइपावर दुसऱ्या कशाचाही भार टाकायचा नसतो, ही जगभर पाळली जाणारी रीत आहे.

या नायलॉनच्या टायबद्दल थोडं. वस्तू म्हणून तो झकास आहे: स्वस्त, हलका, कुठेही बसणारा. साधा टाय सुमारे ८५ अंशांपर्यंत कायम वापरायला बनवलेला असतो. ज्या नायलॉनपासून तो बनतो तो वितळतो २६० अंशांच्या आसपास, पण वजन पेलायची ताकद त्याच्या कितीतरी आधी निघून जाते. शिवाय पांढरा टाय उन्हात दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो आणि कधीतरी आपला आपण तुटतो. काळ्या टायमध्ये काजळी मिसळलेली असते म्हणून तो उन्हात जास्त टिकतो, आगीत मात्र दोघांची गत सारखीच. ट्रेमध्ये आडव्या ठेवलेल्या केबल नीट रांगेत राहाव्यात म्हणून टाय वापरला तर काही बिघडत नाही. खाली लोखंडी ट्रे आहे, टाय जळला तरी केबल पडत नाही. तोच टाय केबलचा एकमेव आधार असतो तेव्हा मात्र तो चुकीच्या जागी असतो.

मग लोखंडी क्लिप का लावली जात नाही? सोसायटीच्या जिन्यात हा संवाद कुणीही ऐकलेला असेल.

“काका, जीआयची लावू का प्लास्टिकची?”

“प्लास्टिकचीच लाव रे बाबा, गंज तरी धरणार नाही.”

काकांचं चूक नाही. एका अंगाला ठाणे खाडी, खारफुटी, मिठाची हवा, वर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. नवी मुंबईत खिडकीच्या ग्रिलपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळं गंजतं. भिंतीवर तांबूस ओघळ दिसले की सेक्रेटरींना फोन जातो. साठ्ये, पाटील, नायर, कुणीही असो, तक्रार एकच. प्लास्टिकला गंज नाही हे खरं, पण त्यासाठी आगीतला आधार सोडायची गरज नाही. प्रश्न मुलाम्याचा आहे. बाजारात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, म्हणून मिळणाऱ्या चकचकीत सॅडलवर, म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, बरेचदा विजेच्या साहाय्याने चढवलेला जस्ताचा पातळ थर असतो, पाच ते बारा मायक्रॉनचा. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या, म्हणजे हॉट डिप केलेल्या मालावर हाच थर पन्नास मायक्रॉनच्या वर जातो. तो चकाकत नाही, राखाडी आणि थोडा खडबडीत दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला तो जुना माल वाटतो. आतल्या कोरड्या पॅसेजला साधा जीआय पुरतो. उघड्या पार्किंगला, गच्चीवर किंवा खाडीकडे तोंड असलेल्या डक्टला हॉट डिप किंवा स्टेनलेस हवं. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार नेहमीच्या वापरात आहेत. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला ते जास्त दाद देत नाही.

धातू म्हटलं की निर्धास्त, असंही नाही. ओतीव जस्ताच्या मिश्रणाचे स्वस्त हूक आणि अँकर मिळतात, दिसायला अगदी लोखंडासारखे. जस्त ४२० अंशांना वितळतं. अॅल्युमिनियम ६६० ला. प्रयोगशाळेत आगीच्या चाचणीसाठी जी प्रमाणित भट्टी असते तिचं तापमान पाच मिनिटांत ५७६, अर्ध्या तासात ८४२ आणि तासाभरात ९४५ अंशांपर्यंत नेतात. या आकड्यांशेजारी ठेवलं की कोण किती वेळ तग धरेल ते आपोआप दिसतं. पोलाद साधारण चौदाशे-पंधराशे अंशांना वितळतं. ते तापून अशक्त होतं, वाकतं, पण लगेच हात सोडत नाही.

एका जागी मात्र लोखंडाची पट्टी चक्क घातक ठरते, आणि हे अनेक हुशार कारागिरांच्याही ध्यानात नसतं. मोठ्या प्रवाहाची एकेरी गाभ्याची केबल, म्हणजे फेज वेगळा आणि न्यूट्रल वेगळा, अशी असेल आणि एकट्या केबलभोवती लोखंडाचं बंद कडं घातलं, तर बदलत्या प्रवाहामुळे त्या कड्यातच उष्णता निर्माण होते. कडं तापतं, आवरण भाजतं. म्हणून अशा केबलना चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचे, अॅल्युमिनियमचे किंवा योग्य स्टेनलेसचे क्लॅम्प लावतात किंवा तिन्ही फेज एकत्र, तिकाटीसारखे धरतात. घरगुती वायरीत ही भानगड नाही. मोठ्या संकुलाच्या मीटर रूममध्ये आहे.

तिथेच आणखी एक बळ काम करतं. शॉर्टसर्किट झालं की क्षणभर हजारो अँपिअर वाहतात आणि शेजारच्या केबल एकमेकींना इतक्या जोरात ढकलतात की त्या ट्रेमधून उसळून बाहेर येऊ शकतात. हे बळ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: प्रवाह दसपट तर धक्का शंभरपट. त्यासाठी जाड धातूचे, बोल्टने आवळायचे ‘क्लीट’ असतात आणि त्यांच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१९१४. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या कंत्राटांत क्लीटचा वेगळा तपशील लिहिलेला असतो. निवासी टॉवरमध्ये तेवढ्याच जाडीची केबल खालून वर जाते, आणि ती मीटरमागे सात-आठ किलो भरू शकते. वीस मजल्यांच्या डक्टमध्ये हा सगळा भार कशावर तरी उभा असतो. दर मजल्यावर तो विभागून घेतलेला नसेल तर सगळ्यात वरच्या क्लॅम्पच्या नशिबी काय येतं, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल.

क्लिप भक्कम, पण ती कशात रोवलीय? मुंबईचे कारागीर ज्याला गिट्टी म्हणतात तो नायलॉनचा प्लग भोकात ठोकायचा आणि त्यात स्क्रू फिरवायचा, ही सर्वत्र रूढ पद्धत. भिंतीवर ती बरीचशी चालून जाते, कारण तिथे वजन स्क्रूला आडवं लागतं. प्लग मऊ पडला तरी स्क्रू भोकात टेकून राहतो. छतात तोच स्क्रू सरळ खाली ओढला जातो. प्लगने पकड सोडली की स्क्रू, सॅडल, पाइप, वायर, सगळं वाजतगाजत जमिनीवर. म्हणून छताला पोलादी अँकर फास्टनर किंवा काँक्रीटमध्ये थेट आटे पाडणारा स्क्रू हवा. नव्या टॉवरच्या आतल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यात काँक्रीटचा अँकर नीट पकडतच नाही, ब्लॉकचा चुरा होतो. त्यासाठीचे अँकर वेगळे मिळतात. आणि फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला केबल बांधणं हा तर गुन्हाच मानायला हवा. आग लागली की सगळ्यात आधी खाली येतं ते छत हेच.

अंतराचंही तसंच. उघड्यावरून जाणाऱ्या पाइपाला जास्तीत जास्त मीटरभर अंतरावर सॅडल आणि वळणाच्या किंवा जोडाच्या दोन्ही बाजूंना तीस सेंटिमीटरवर एकेक, हा आपल्याकडच्या सरकारी कामांतला जुना दंडक आहे. वळणावरचं सॅडल वाचवणारा कारागीर पाइपाचे नेमके तेच जोड उघडे सोडतो जे उष्णतेत सुटतात.

आता जरा महागड्या केबलकडे. मोठ्या इमारतीत फायर पंप, अलार्म, आपत्कालीन दिवे यांना ‘फायर सर्व्हायव्हल’ केबल घालतात. साधी एफआर वायर ज्योत पुढे पसरू देत नाही, एफआरएलएस वायर धूरही कमी सोडते. फायर सर्व्हायव्हल केबल त्यापुढे जाऊन आगीतही वीज वाहून नेते. ब्रिटिश मानक बीएस ६३८७ च्या सर्वांत कडक चाचणीत ती ९५० अंशांच्या ज्योतीत तीन तास ठेवतात, ६५० अंशांवर तिच्यावर पाणी मारतात, ९५० वर तिला हादरे देतात. तीन तासांची ही केबल प्रत्यक्ष जागेवर नायलॉनच्या टायने बांधलेली सापडते, आणि मग तिचं आयुष्य टायएवढंच. ब्रिटनच्या फायर अलार्मच्या मानकात, बीएस ५८३९ मध्ये, ही गोष्ट उघड लिहिलेली आहे की केबल जितका वेळ टिकायला हवी तितकाच वेळ तिचा आधार टिकला पाहिजे. जर्मनीच्या डीआयएन ४१०२ च्या बाराव्या भागात तर केबल, ट्रे, रॉड आणि क्लॅम्प हे सगळं भट्टीत एकत्र टांगून तपासतात आणि तीस किंवा नव्वद मिनिटांचं प्रमाणपत्र त्या सगळ्या संचाला मिळतं. खरेदीच्या यादीत महागडी केबल लिहिणारा सल्लागार खाली ‘क्लॅम्प: योग्य त्या प्रकारचे’ एवढंच लिहून मोकळा होतो तेव्हा त्याने पैसे निम्मे वाया घालवलेले असतात.

डक्टची गोष्ट पॅसेजइतकीच जुनी. सप्टेंबर २०२३ मध्ये कुर्ला पश्चिमेच्या एका बारा मजली पुनर्वसन इमारतीत मध्यरात्रीनंतर आग लागली. ती होती इलेक्ट्रिक डक्टमधल्या वायरिंगला आणि तिथे साठलेल्या भंगाराला. घरं पेटली नाहीत, पण डक्टने धुराड्याचं काम केलं आणि तीसहून अधिक रहिवाशांना धुराच्या त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं. ओलसर घशात गेलं की त्याचं आम्ल होतं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: विजेच्या केबलचा शाफ्ट, म्हणजे डक्ट, स्वतंत्र असावा, त्यातून पाण्याचे, गॅसचे, टेलिफोनचे पाइप-वायरी नेऊ नयेत, आणि प्रत्येक मजल्यावर तो शाफ्ट त्या मजल्याच्या स्लॅबइतक्याच अग्निरोधक साहित्याने बंद केलेला असावा.

प्रत्यक्षात डक्टचं दार उघडलं की झाडू, रंगाचे डबे, मुलांची तुटकी सायकल आणि थर्माकोल. केबल जातात ती भोकं कुठे उघडी, कुठे पिवळ्या फोमने भरलेली. तो फवारायचा फोम दिसायला गच्च दिसतो, पण साधा फोम स्वतः जळतो. तिथे लागतो तो उष्णतेने फुगून भोक बुजवणारा अग्निरोधक सीलंट किंवा मॉर्टर. आणि इथेही गोष्ट पुन्हा क्लिपेवर येते. वरच्या मजल्यावर केबल सुटली आणि तिचा भार खाली आला, की तो सीलंट उखडला जातो. आधार आणि बंदिस्ती एकमेकांच्या भरवशावर असतात.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा, लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘फॉर्म बी’ अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. त्या तपासणीत सिलिंडरची तारीख, पंप, होज यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ते लाल रंगाचे असतात. छताच्या कोपऱ्यातली पांढरी पट्टी कुणाच्या नजरेत भरत नाही. तपासणीच्याच दिवशी समितीतल्या एकाने शिडी मागवून पॅसेजची, जिन्याची आणि पार्किंगची पाहणी करवून घेतली तर वेगळा खर्च येत नाही.

दुरुस्ती अवघडही नाही. पट्टी उपटायची गरज नसते. झाकण काढून आत वायरींना कवेत घेणारी गोल कडांची पोलादी क्लिप बसवायची, ती प्लगऐवजी पोलादी स्क्रूने थेट काँक्रीटला. धारदार कडेची क्लिप नको, ती वर्षानुवर्षं घासून वायरीचं आवरण कापते; आणि कारागीर हौसेने बांधतात ती उघडी बायंडिंग वायर तर मुळीच नको. टाय असो की पट्टी, वायर आवळून चेपायची नाही, धरायची. धातूचा पाइप किंवा ट्रे असेल तर त्याला अर्थिंग हवंच. बंद पडलेल्या केबल टीव्हीच्या आणि जुन्या इंटरनेटच्या वायरी कापून काढून टाकल्या तर निम्मं काम तिथेच होतं. अनेक सोसायट्यांच्या पॅसेजमध्ये चालू वायरींपेक्षा मेलेल्या वायरीच जास्त निघतात. पुढच्या वेळी नवा ब्रॉडबँडवाला परवानगी मागायला आला की ना हरकत पत्रात एक ओळ घालता येते: पॅसेजमध्ये आणि जिन्यात फक्त धातूच्या क्लिपा. विजेच्या कामाला मात्र परवाना असलेला वायरमनच हवा, नाक्यावरचा ओळखीचा मुलगा नव्हे.

क्लिप कसली आहे हे ओळखायला घरातली एक वस्तू पुरते. फ्रिजवरचं चुंबक काढायचं, झाडूच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधायचं आणि पॅसेजमधल्या सॅडलला, क्लिपांना लावत जिन्यापर्यंत जायचं, उघड्या वायरीला धक्का न लावता. चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं तर प्लास्टिक, अॅल्युमिनियम, जस्त किंवा ३०४-३१६ चं स्टेनलेस, यातलं एक काहीतरी. रंगाच्या तीन हातांखाली प्लास्टिकही धातूसारखं दिसतं, म्हणून तिथे शिडी लावून नखाने खरवडून बघावं लागतं.